थोरल्या मास्तरांचे एकांडे

थोरले मास्तर नव्या माणसाला आधी वय विचारायचे. नाव, गाव, कुणाचा कोण, ही चौकशी बाकीचं गाव करायचं; यांना फक्त आकडा हवा असायचा. मी त्यांच्या हाताखाली दुय्यम मास्तर म्हणून रुजू झालो, तेव्हा माझी ट्रंक अजून गाडीतून उतरलीही नव्हती. हे शाळेच्या पडवीत उभे, अंगात खडूनं पांढरा झालेला काळा कोट, आणि पहिला प्रश्न, "वय काय तुमचं?" मी म्हटलं, सव्वीस. त्यांचं तोंडच उतरलं.

"तेरा दुणे सव्वीस," ते म्हणाले. "असू दे. तीन वर्षं थांबा, मास्तर. एकोणतिसात माणूस व्हाल."

मी मनात म्हटलं, झालं, वेड्याच्या पदरात पडलो. तशीही सुप्याकडची बदली म्हणजे आमच्या खात्यात शिक्षाच समजत. चहूकडं रान, पावसात वाटा बंद आणि बारा महिने हिवताप. बेळगावकडचा माणूस इकडं आला की घरचे त्याच्या नावानं नवस बोलत. मी खानापूरकडचा, सहा महिन्यांत परत जायच्या हिशेबानं आलेलो. सबंध नोकरी तिथंच गेली. ती कशी गेली ते सांगतो, पण माझं नाव विचारू नका, आणि त्यांचंही सांगणार नाही.

शाळा म्हणजे गवतानं शाकारलेली एक लांब खोली आणि पडवी. खोलीत पोरं, पडवीत थोरले मास्तर. बायको लग्नानंतर दोन वर्षांत वारलेली, मूलबाळ नाही. हे सकाळ-संध्याकाळ पेज प्यायचे, तोंडी लावायला मिठातली मिरची. ती मिरचीसुद्धा दोन नाही तर तीन, चार कधी नाही. चार म्हणजे दोनाला दोनांनी गुणलेला, "त्याचं स्वतःचं काय हाय?" असं म्हणायचे. ज्या आकड्याला एकाशिवाय आणि स्वतःशिवाय कुणी भागू शकत नाही, त्याला पुस्तकात मूळ संख्या म्हणतात. हे त्याला एकांडा म्हणायचे. पाच एकांडा, सात एकांडा, तेवीस एकांडा. साठ, नव्वद, शंभर हे त्यांच्या लेखी उघडा बाजार. कुणीही यावं आणि भागून जावं.

माणसंसुद्धा त्यांनी अशीच वाटून टाकलेली. कुणाचं एकतिसावं लागलं की त्याच्याशी आठ दिवस गोड बोलणार. बत्तीस लागलं की पुन्हा आपले कामापुरते. आमच्या हिनं एकदा त्यांना वय सांगायला नकार दिला, तर म्हणाले, "वहिनी एकोणीसच्या हाईत, तोंडावरनं कळतंय." ही एकवीसची होती, पण खूश झाली. त्या दिवसापासून माझ्या घरातून त्यांना आमसुलाचं सार जायला लागलं.

आणि एक खोड होती. पडवीतून कुणी निघालं की हे त्याची पावलं मोजायचे. माणूस अंगण ओलांडून बेड्यापाशी, म्हणजे कुंपणाच्या फाटकापाशी पोचला, की मागून आवाज यायचा, "अजून एक टाका." म्हणजे अठ्ठावीस झाली असतील तर एकोणतीस करून जा. म्हातारी माणसं हसत हसत एक पाऊल जास्तीचं टाकत. गाव एवढं तरी त्यांचं ऐकायचं. मला मात्र रोज संध्याकाळी ते "अजून एक" ऐकून डोक्यात तिडीक जायची.

हे सगळं गोड वाटतंय ना ऐकायला? हाताखाली राहून बघा. एकदा भर वर्गात मी फळ्यावर एकांडे लिहीत होतो, त्यांनीच सांगितलं होतं म्हणून. त्र्याऐंशी, एकोणनव्वद, आणि पुढं लिहिलं एक्याण्णव. ते मागं येऊन उभे होते हे मला ठाऊक नव्हतं. बिगरीतल्या एका शेंबड्या पोरीला उठवलं आणि म्हणाले, तेराचा म्हण. ती म्हणत गेली. "तेरा सत्ते एक्याण्णव" आलं तसं तिला थांबवून म्हणाले, "बस. आता धाकट्या मास्तरांनी एकदा म्हणावा." आणि मी म्हटला. पंचवीस पोरांपुढं, उभं राहून, तेराचा पाढा. त्यांच्या मनात अपमान करायचा नव्हता हे मला तेव्हाही कळत होतं. आकडा चुकला की त्यांना समोर माणूस दिसायचाच नाही. पण कळून काय उपयोग, सल तो सलच.

आता खळ्याचं सांगतो.

भात झोडपून उरलेल्या पेंढीवर बैल फिरवतात ती मळणी तुम्ही पाहिली असेल. खळ्याच्या मध्ये तिवडा, म्हणजे खांब. त्याला बैलांचं दावं. बैल फिरतात तसं दावं खांबाभोवती गुंडाळत जातं आणि बैल हळूहळू आत आत येतात. हा प्रकार सगळं गाव जन्मभर बघत आलेलं. पण त्याकडं बघता बघता थोरल्या मास्तरांच्या डोक्यात आलं, की बैल जसे बाहेरून आत येतात तसे आकडे आतून बाहेर न्यावेत. मध्ये एक. उजवीकडं दोन. त्याच्या डोक्यावर तीन. मग डावीकडं चार, पाच. खाली सहा, सात. पुन्हा उजवीकडं आठ, नऊ, दहा. असं चौकटी-चौकटीनं फिरत बाहेर जायचं, चौकोनी जिलबी घालावी तसं. आणि मग त्यातल्या एकांड्यांवर तेवढी खूण करायची.

त्यांनी ते पाटीवर केलं, मग वहीत केलं, चारशेपर्यंत. आणि मला बोलावून दाखवलं. खरं सांगतो, मीसुद्धा बघत राहिलो. जे आकडे कुणाचे कुणी नाहीत, ज्यांना कसला पाढा नाही, ते तिरप्या रेघेत उभे होते. सात, तेवीस, सत्तेचाळीस, एकोणऐंशी, एकाच रेघेत, कोपऱ्याला कोपरा लावून. पुढं एकशे एकोणीसला एक दात पडलेला, पण त्याच्यापुढं रेघ पुन्हा सुरू. अशा कितीतरी.

"एकांडे हाईत, पण एकटे न्हाईत," ते म्हणाले. त्या वर्षी ते स्वतः सत्तेचाळीसचे होते. वहीतल्या रेघेवर बोट ठेवून म्हणाले, "मी हितं हाय बघा. अवंदा मला कुणी भागू शकत न्हाई."

वहीच्या पानावर जागा संपली होती, आणि चारशेवर त्यांचं समाधान होत नव्हतं. पुढं रेघा चालतात का मोडतात? हाच त्यांचा ध्यास. शाळेत लक्ष उडालं. पोरांना गणितं घालायची आणि आपण पडवीत आकडे चाळत बसायचं. पाटी-पुस्तकं तशीच, हजेरी तशीच, सगळं माझ्या गळ्यात. शेवटी गावानं तक्रार करायचं ठरवलं. गावात नीट लिहिता येणारे दोघंच, थोरले मास्तर आणि मी. एकाविरुद्ध अर्ज म्हणजे दुसऱ्यानं लिहायचा, हे ओघानं आलं. मी लिहिला. अक्षर डावीकडं कलतं काढलं, एवढी लाज होती मला.

अर्जावर दिपोटीसाहेबांचं पत्र आलं, म्हणजे शाळा तपासायला येणाऱ्या अधिकाऱ्यांचं. ते गणिताचे शौकीन, माणूसही न्यायाचा. थोरल्या मास्तरांनी त्यांना उलट लिहिलं, की माझं वेड मी खळ्यावर मांडून ठेवतो, ते बघा आणि मग काय ते ठरवा. साहेबांनी मान्य केलं. सोळाशेपर्यंत मांडा, म्हणाले. रेघा टिकल्या तर तुमचा कागद मी माझ्या हातानं मुंबईच्या विद्वानांकडं धाडीन. मोडल्या तर हे आकडे सोडा आणि हेडमास्तरकीही सोडा. थोरल्या मास्तरांनी ते पत्र मला वाचून दाखवलं आणि घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. म्हणाले, एकोणतिसात आलात न्हवं तुम्ही, वेळेवर आलात. मदत मागायला त्यांना दुसरं कुणी नव्हतं.

खळं देवूचं. देवू म्हणजे गावातला जुना कुणबी, भात मोजण्यात त्याचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. बाजारकुणंगेपर्यंत लोक त्याला मापाला बोलवत. त्याच्या कापलेल्या भाताची उडवी अजून वाळत होती, म्हणून आठ दिवस खळं दिलं त्यानं. आम्ही ते शेणानं सारवलं. सुतारासारखी दोरी चुन्यात बुडवून चौकटी मारल्या, वीतभराची एक, चाळीस आडव्या, चाळीस उभ्या. एक म्हणजे तिवडा. मग प्रत्येक घरात एक हिरडा, आणि एकांड्याच्या घरात काळी नदीतला पांढरा खडा. शाळेआधी तासभर, शाळेनंतर तासभर. ते वहीतल्या एकांड्यांच्या यादीवरून आकडा म्हणायचे, मी ठेवायचो. प्रत्येक फेरा संपला की विचारायचे, "कोपरा बघा. कोपऱ्यात काय आलं?" कारण कोपऱ्यात कुठला आकडा यायला हवा हे ठरलेलं असतं. सोळा, छत्तीस, चौसष्ट, शंभर, आणि शेवटच्या कोपऱ्यात सोळाशे. कोपरा बरोबर म्हणजे मांडणी बरोबर, हा त्यांचा मंत्र.

आठशेपर्यंत आलो आणि त्यांना हिवताप भरला. दुपारी थडथड उडायला लागले, चार घोंगड्या घातल्या तरी दात वाजत होते. दिपोटीसाहेब परवा सकाळी येणार. म्हणाले, मास्तर, तुम्ही पुरं करा, माझी वही घ्या. मी मोजायला देवूला बोलावलं. तो हिरडे टाकत आकडा म्हणेल आणि मी वही बघून खडे ठेवीन, असं ठरलं.

आता आमच्याकडं खळ्यावर मोजणीची एक रीत आहे. मोजणी सुरू करताना पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. आणि देवूच्या घराण्याची रीत अशी, की मोजणी अर्ध्यावर थांबली आणि पुन्हा बसलो, तरी पहिलं माप लाभ म्हणून टाकायचं. ते खळ्याच्या देवाचं, मोजणीत धरायचं नाही. मोजणी त्याच्यापुढं चालू. मी हे तीन वर्षं कानांनी ऐकत आलो होतो. देवू उकिडवा बसला, पहिला हिरडा घरात ठेवून म्हणाला, "लाभ." मग दुसऱ्या घरापासून पुढचा आकडा. मला त्यात काही वावगं वाटलंच नाही. आम्ही तीनदा बसलो, त्या संध्याकाळी, दुसऱ्या सकाळी आणि दुसऱ्या संध्याकाळी. तीनदा लाभ, आणि मधल्या फेऱ्यांचे कोपरे मी घाईत तपासलेच नाहीत. तीन घरं देवाची गेली आणि पुढचे सगळे आकडे तेवढे सरकत गेले.

शेवटच्या कोपऱ्यात आलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. देवू म्हणाला, पंधराशे सत्त्याण्णव. मी वहीत बघितलं. पंधराशे सत्त्याण्णव एकांडा. मी खडा ठेवला, आणि हात तिथंच थांबला. चाळीस चाळीस सोळाशेच्या घरात पांढरा खडा. तीन कमी कसे, याचा उलगडा व्हायला मला एक क्षणही लागला नाही. तीन लाभ मला एकदम ऐकू आले.

देवूला सांगितलं. तो ओशाळला. म्हणाला, "देवाचं माप हाय ते, मास्तर. आमच्या ध्यानातच आलं न्हाई. उचलूया व्हय सगळं?"

आठशे घरं उचलून पुन्हा मांडायची. उजेड होता तासाभराचा, उरलेलं सकाळी लवकर उठून झालं असतं. नाहीतर साहेबांना सांगून एक दिवस मागून घेतला असता. काहीही करता आलं असतं हो! पण माझी कंबर धरली होती, आणि मला तो तेराचा पाढा आठवला. खोटं कशाला बोलू, हेडमास्तरकीही आठवली. मी देवूला म्हटलं, राहू दे, एवढ्यानं काही होत नाही, तू कुठं बोलू नकोस. मग कोपऱ्यातला पांढरा खडा उचलून खिशात टाकला आणि त्या घरात हिरडा ठेवला.

पडवीत गेलो. ते घोंगडीतून तोंड काढून वाट बघत होते. "कोपऱ्यात काय आलं?"

"सोळाशे," मी म्हणालो.

त्यांनी डोळे मिटले. किती दिवसांनी त्यांचं तोंड असं निवलेलं मी बघितलं.

दुसऱ्या दिवशी दिपोटीसाहेब छकड्यातून आले. हिवतापाच्या भीतीनं आमच्याकडचं पाणीसुद्धा पीत नव्हते ते. डुकरं हाकायला खळ्याशेजारी माळा बांधलेला होता, त्यावर दोघं चढले. थोरल्या मास्तरांना देवूनं आणि मी खालून रेटा देऊन चढवलं. अंग अजून तापलेलं होतं. खाली सगळं गाव जमलेलं. कुणाला काय कळत होतं? तमाशा बघायला आले होते सगळे, माझ्यासकट.

तिवड्यापासून रेघा सुरेख निघाल्या होत्या. आठशेपर्यंत पांढऱ्या खड्यांच्या तिरप्या ओळी, वहीतल्यासारख्या. आणि तिथं येऊन प्रत्येक रेघ तुटली होती. पलीकडं कुठं दोन खडे, कुठं तीन, नुसते तुकडे. आतल्या रेघेला बाहेरची रेघ लागत नव्हती. साहेब बराच वेळ बघत होते. मला वाटलं ते आता विचारतील, मांडणी कुणी केली. त्यांनी विचारलं नाही. थोरल्या मास्तरांनी विचारलं. वरून वाकून, माझ्याकडं बघून, सगळ्यांसमोर.

"मास्तर, कोपऱ्यात सोळाशेच आलं न्हवं?"

देवू माझ्याकडं बघत होता. मी त्याच्याकडं बघितलं नाही. म्हणालो, "व्हय. सोळाशेच."

साहेब चांगलेच बोलले. भिंतीला ओल आली की तिच्यात माणसाला तोंडं दिसतात, म्हणाले, तसंच हे झालं, मास्तर. तुमचा दोष नाही, आठशेपर्यंत योगायोग फार मोठा होता. थोरले मास्तर ऐकत होते, खळ्याकडं बघत होते. त्यांना मांडणीचा संशय येणं शक्यच नव्हतं, कारण कोपरा बरोबर होता. मग चुकलं कोण? आकडे चुकले. तीस वर्षं ज्यांच्यावर जीव टाकला ते एकांडे शेवटी त्यांच्याशी खोटं बोलले, एवढाच अर्थ उरला. माळ्यावरून उतरले ते पायऱ्या न मोजता. वही माझ्या हातात दिली आणि म्हणाले, चुलीला होईल. आठ दिवसांत राजीनामा देऊन ते जोयड्याकडं बहिणीच्या घरी गेले. महिनाअखेर हेडमास्तरकीचा कागद माझ्या नावानं आला.

गाव म्हणालं, बरं झालं, वेडं गेलं. ज्या गावातली पोरं त्यांच्यामुळं सुप्याला कारकून झाली, ते गाव. पण गावाला काय बोलू, आधी आपलं जळतंय ते बघावं.

वही मी चुलीत घातली नाही. पुढच्या हंगामात देवूचं खळं रिकामं होतं तेव्हा मी एकटा बसलो. देवूला जवळ येऊ दिलं नाही, आणि तोही आला नाही. आठ दिवस लागले. शेवटच्या कोपऱ्यात सोळाशे आला. मग माळ्यावर चढून बघितलं. रेघा तिवड्यापासून निघून थेट कडेपर्यंत गेल्या होत्या. मधे मधे दात पडलेले, पण मोडलेली एकही नाही. मी तिथंच बसून रडलो. मग उतरलो, घरी आलो, कोट घातला, कोपऱ्यातला तो खडा खिशात टाकला आणि जोयड्याची वाट धरली. या वेळी सांगायचंच असं ठरवून निघालो होतो. नोकरी जाईल तर जाऊ दे.

ते बहिणीच्या पडवीत घोंगडीवर पडून होते. हिवतापानं पांथरी, म्हणजे प्लीहा, वाढून पोट पुढं आलेलं, हातापायांच्या काड्या. बहिणीनं पेज आणली, सोबत मिरच्या. मी मोजल्या, चार होत्या. त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मला ओळखलं, हात धरला. शाळा कशी चाललीय विचारलं, पोरांची नावं घेतली. वय विचारलं नाही. शेवटी मीच म्हटलं, मला आता तीस झाली. तर म्हणाले, "बरं हाय की." त्यांना तेव्हा अठ्ठेचाळिसावं होतं, आणि ते त्यातच गेले. अठ्ठेचाळीसला कोण भागत नाही? दोन भागतो, तीन भागतो, चार, सहा, आठ, बारा, ज्याला यायचं त्यानं यावं.

मी खिशात हात घातला. खडा हाताला लागला. तोंड उघडणार, तेवढ्यात तेच बोलले, छपराकडं बघत, अगदी हळू.

"एक सांगा, मास्तर. रागवू नका. कोपऱ्यात सोळाशेच आलं न्हवं?"

वर्षभर त्यांनी तोच एक धागा धरून ठेवला होता. कोपरा चुकला असेल तर आकडे खरे. माझ्या एका शब्दावर त्यांचं सगळं परत मिळणार होतं. त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं, आणि त्या बघण्यात आशा होती. ती आशा बघून मला सांगायला बळ यायला हवं होतं. आली ती भीती. नोकरीची नव्हे, तिचा विचार मी सोडला होता. खरं कळल्यावर हा माणूस माझ्याकडं कसा बघेल, त्याची.

"सोळाशेच," मी म्हणालो.

त्यांनी मान पुन्हा छपराकडं वळवली. म्हणाले, मग बरोबर हाय. मी थोडा वेळ बसलो, बहिणीला येतो म्हटलं आणि निघालो. अंगणातून बेड्याकडं चाललो तसा मी आपोआप पावलं मोजत होतो. अठ्ठावीस झाली. मी थांबलो. बराच वेळ पाठमोरा उभा राहिलो, पण मागून कुणी "अजून एक टाका" म्हणालं नाही.